तलाव छोटा आहे, पण खाली वस्ती आहे : सहलीला जाण्याआधी धरणाकडे एकदा नीट बघा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या शाळेत पालकसभा झाली. विषय साधा होता, आठवी-नववीच्या मुलांची सहल. मुलांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं की गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या तलावावर जायचं. ईदनंतर निम्मा गाव तिथेच फिरायला जातो. बांधावर भजी-कणीस मिळतं, पाऊस चांगला झाला की सांडव्यावरून पाणी पडतं, मुलं भिजतात. सगळे हो म्हणत होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीच्या अम्मी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तिथलं धरण मजबूत आहे ना?"

सभेत थोडं हसू झालं. मागून एक चाचा म्हणाले, "अहो भाभी, छोटासा तलाव आहे तो. भाक्रा-नांगल थोडंच आहे!"

आम्हाला मात्र हसू आलं नाही. आम्ही विज्ञान शिकवतो. पाण्याचा दाब फळ्यावर आकृती काढून समजावतो. पण त्या भाभींच्या साध्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. संमतिपत्रावर सही पालकांची असली, तरी मुलं आमच्या भरवशावर येतात. म्हणून त्या दिवशी सहल पुढे ढकलली आणि उत्तर शोधायला बसलो. जे समजलं ते इथे मांडतो आहोत, कारण हा प्रश्न एका शाळेचा नाही. पावसाळ्यात अशा छोट्या तलावांवर जाणारी आपली हजारो कुटुंबं आहेत.

"छोटा" म्हणजे किती?

आधी एक हिशेब करू. समजा तलाव फक्त पाच हेक्टरचा आहे, म्हणजे साडेबारा एकर. सरासरी खोली धरा चार मीटर. पाच हेक्टर म्हणजे ५० हजार चौरस मीटर, गुणिले चार, म्हणजे दोन लाख घनमीटर पाणी. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे दोन लाख टन. आपल्या मोहल्ल्यात येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचं, तर २० हजार टँकर.

हे २० हजार टँकर एका मातीच्या किंवा दगडी भिंतीमागे उभे आहेत, आणि भिंतीच्या खाली नाला आहे, नाल्याकाठी घरं आहेत. भिंत उभी आहे तोवर हा तलाव रहमत आहे. विहिरींना पाणी येतं, गुरं पितात, मासे मिळतात. पण धोका मोजताना "धरण केवढं आहे" एवढंच विचारून चालत नाही. "धरणाच्या खाली कोण राहतं" हेही विचारावं लागतं. पाच हेक्टरच्या तलावाखाली ओसाड माळ असेल तर गोष्ट वेगळी, दोनशे घरांची वाडी असेल तर गोष्ट वेगळी.

दोन धोके, दोन्ही वेगळे

लोक बऱ्याचदा दोन गोष्टींची गल्लत करतात. एक धोका धरणाचा, म्हणजे भिंत फुटण्याचा. दुसरा धोका पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा, म्हणजे भिंत अगदी ठणठणीत असतानाही वाहून जाण्याचा.

दुसऱ्या धोक्याचं उदाहरण आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं आहे. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याचं भुशी धरण. हे धरण ब्रिटिश काळात जी.आय.पी. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. वाफेची इंजिनं गेली, आता पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी बघायला लोक येतात. त्या दिवशी पुण्याहून आलेलं एक कुटुंब, आपल्याच समाजातलं, धरणाच्या मागच्या बाजूला डोंगरातून येणाऱ्या धबधब्यात उभं होतं. पाणी अचानक वाढलं. सगळे एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते, आणि काही क्षणांत एक स्त्री आणि चार मुलं वाहून गेली. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

तिथे धरण फुटलं नव्हतं. धरणाचा काहीच दोष नव्हता. डोंगरावर जोराचा पाऊस झाला, खडक आधीच भिजलेला होता, पाणी मुरायला जागा नव्हती, आणि सगळं पाणी एका घळीतून खाली आलं. वर पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. यातलं विज्ञान इतकंच, की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर पायांवर येणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. घोट्याएवढ्या पाण्यात हसत उभा असलेला माणूस पाच मिनिटांनी गुडघाभर वेगवान पाण्यात तोल सांभाळू शकत नाही, आणि कडेवर मूल असेल तर मुळीच नाही.

आता पहिल्या धोक्याकडे येऊ, ज्याबद्दल भाभींनी विचारलं होतं.

धरण उभं कसं राहतं, आणि फुटतं कसं

पाणी जितकं खोल तितका त्याचा दाब जास्त, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. त्यातून एक गोष्ट निघते जी पटकन लक्षात येत नाही. पाण्याची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो. पाच मीटर पाणी असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेबारा टनांचा रेटा असतो. दहा मीटर पाणी झालं की तो ५० टन होतो. म्हणून तलाव काठोकाठ भरतो तेव्हाचे शेवटचे एक-दोन मीटर सर्वात जड असतात.

हा रेटा पेलण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. दगडी किंवा काँक्रीटचं धरण आपल्या वजनाने आणि पायाच्या पकडीने उभं राहतं. मातीचं धरण, ज्याला आपण बांध किंवा भराव म्हणतो, ते रुंद पायथ्यामुळे उभं राहतं. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. पाण्याच्या बाजूने लाटांपासून बचाव म्हणून दगड रचलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक पाझर तलाव आणि लघुपाटबंधाऱ्याचे तलाव मातीचेच आहेत.

भुशीच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी वाहतं ते चालतं, कारण ती रचना त्यासाठीच आहे. पण ते पाहून "पाणी वरून वाहिलं म्हणजे धरण छान भरलं" असं मातीच्या बांधाबद्दल समजू नका. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी जाणं म्हणजे त्याचा शेवट सुरू होणं. बांधाच्या एका बाजूला जादा पाणी सोडून देण्यासाठी मोकळी वाट ठेवलेली असते, ती म्हणजे सांडवा. पाणी जायचं ते तिथूनच.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. चहाच्या मोठ्या ट्रेमध्ये ओल्या मातीचा बांध घातला आणि मागे मगाने पाणी ओतत गेलो. पाणी माथ्यावर आलं. आधी दोऱ्याएवढी धार मागच्या उतारावरून घसरली. मुलं म्हणाली, "सर, काही नाही होत." मग त्या धारेने बोटाएवढी खाच पाडली. खाच पडली म्हणून जास्त पाणी आलं, जास्त पाणी आलं म्हणून खाच वाढली. त्यानंतर अर्ध्या मिनिटात टेबल, वह्या आणि एका मुलाची पँट ओली झाली होती. फुटणं सुरुवातीला हळू असतं आणि नंतर एकदम होतं, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

बांध फुटण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली ही, माथ्यावरून पाणी जाण्याची. सांडवा अरुंद असेल, गाळाने किंवा झुडपांनी बुजला असेल, कोणी अडवला असेल, किंवा बांधाचा माथा मध्येच खचला असेल तर हे होतं.

दुसरी वाट पोटातून. बांधातून थोडं पाणी झिरपतच असतं, त्यासाठी पायथ्याशी निचऱ्याची सोय असते. पण झिरपणारं पाणी मातीचे कण बरोबर आणू लागलं की आत बारीक बोगदा तयार होतो. झाडांची कुजलेली मुळं, घुशींची बिळं, मोरीच्या पाइपाभोवतीची पोकळी यांतून तो लवकर वाढतो. इथे एकच खूण लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी झिरपणं म्हणजे लक्ष ठेवायची गोष्ट, गढूळ पाणी येणं म्हणजे धावायची गोष्ट.

तिसरी वाट पायाची किंवा उताराची. बांधाचा एखादा भाग घसरतो, माथ्यावर लांबट भेगा पडतात, पाया दबतो.

तिवऱ्याची रात्र

हे सगळं पुस्तकी नाही. २ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण जोरदार पावसात फुटलं. लघुपाटबंधाऱ्याचं मातीचं धरण होतं. खालच्या भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. वीसच्या आसपास लोक गेले. पुण्याला पानशेतचा १२ जुलै १९६१ जसा आठवतो, तशी कोकणात ही तारीख लोकांच्या मनात बसली आहे.

तिवऱ्यात सर्वात टोचणारी गोष्ट ही की गावकऱ्यांनी धरण गळतंय अशी तक्रार आधीच केलेली होती. धरण फुटल्यावर एका मंत्र्यांनी खेकड्यांनी बांध पोखरला असं म्हटलं, तेव्हा राज्यभर त्याची चेष्टा झाली. प्राणी बांधात बिळं करतात हे खरं आहे. पण म्हणूनच तर देखभाल असते. बीळ खेकड्याने केलं असेल, ते वेळेवर बुजवणं हे काम खेकड्याचं नाही.

मौजेचा तलाव आणि खालचं गाव

तिवऱ्याचं धरण शेतीसाठी होतं. पण फक्त मौजमजेसाठी राखलेल्या तलावाचं धरण फुटलं तर काय होतं, याचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात केलेल्या चुका आजही आपल्या आसपास दिसतात.

पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. उंची सुमारे ७२ फूट. सरकारने ते कालव्याला पाणी पुरवायला बांधलं. पुढे रेल्वे आली, कालवे बंद पडले, धरणाला वाली उरला नाही. १८६२मध्ये ते थोडं फुटलंही होतं. मधल्या एका मालकाने तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. मग १८७९मध्ये पिट्सबर्गच्या श्रीमंत लोकांनी क्लब काढून तो तलाव घेतला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्या क्लबचे सभासद. उन्हाळ्यात यायचं, नौका चालवायच्या, मासे पकडायचे.

क्लबने धरणाची डागडुजी केली, पण आपल्या सोयीने. तळाचे पाइप परत बसवले नाहीत, म्हणजे पाणी कमी करण्याची वाटच नाही. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा काही फूट खाली घेऊन रुंद केला. आणि तलावात सोडलेले महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. प्रत्येक गोष्ट वेगळी पाहिली तर किरकोळ. तिन्ही मिळून धरणाचा जीव घेणाऱ्या.

खाली १४ मैलांवर जॉन्सटाऊन नावाचं कामगारांचं शहर होतं. तिथल्या लोखंडाच्या कारखान्याने १८८०मध्ये आपला इंजिनिअर पाठवून धरण तपासलं आणि क्लबला लेखी कळवलं की हे धोकादायक आहे. क्लबचं उत्तर असं, की तुम्हाला आमच्या धरणापासून काही धोका नाही.

३१ मे १८८९. आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस. सांडव्यावरच्या जाळ्या फांद्या आणि पाल्याने तुंबल्या. मजुरांनी घाईने माथ्यावर माती टाकली, दुसरा सांडवा खणायचा प्रयत्न केला. एक तरुण इंजिनिअर घोड्यावरून खालच्या गावात खबर द्यायला गेला, तारेने इशारेही गेले. पण "धरण फुटणार" ही हाकाटी लोकांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकली होती की कोणी मनावर घेतलं नाही. दुपारी तीननंतर धरण फुटलं. साधारण तासाभरात पाणी जॉन्सटाऊनला पोहोचलं. २,२०९ माणसं गेली. ९९ कुटुंबं अशी की मागे नाव घ्यायलाही कोणी उरलं नाही. कोर्टात खटले झाले, पण क्लबवर जबाबदारी बसली नाही.

वर मौज करणारे वेगळे होते आणि खाली मरणारे वेगळे होते, ही या गोष्टीतली सर्वात मोठी शिकवण आम्हाला वाटते. तलावावर दोन तास घालवून घरी येणाऱ्या आपल्यासारख्यांना खालची वस्ती दिसतच नाही.

कायदा काय सांगतो

भारतात सर्वात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. धरण सुरक्षा कायदा, २०२१ मध्ये आला. त्यानुसार धरणाच्या मालकाने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायची, आणीबाणीचा आराखडा तयार ठेवायचा. चांगला कायदा आहे. पण तो कोणत्या धरणांना लागू आहे हे बघा. पायापासून १५ मीटरपेक्षा उंच असलेली सगळी धरणं त्यात येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटी पूर्ण करत असतील तरच येतात, उदाहरणार्थ लांबी ५०० मीटर किंवा जास्त, किंवा साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त.

आपण वर हिशेब केलेला २० हजार टँकरांचा तलाव, बांधाची उंची नऊ मीटर असेल तर, या कायद्याच्या बाहेर राहतो. म्हणजे त्याची काळजी कोणी घ्यायचीच नाही असं नाही. त्याचा मालक असतोच, जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग, जलसंपदा विभाग, नगरपालिका, कधी रेल्वे, कधी एखादा खासगी रिसॉर्ट. पण कायद्याची जी सक्ती मोठ्या धरणावर आहे ती छोट्यावर नाही. म्हणून छोट्या तलावाकडे गावाचं लक्ष जास्त हवं.

आणखी एक आकडा समजून घ्यावा. छोट्या धरणाचा सांडवा साधारणपणे "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" धरून बांधतात. लोकांना वाटतं, मग शंभर वर्षं फिकीर नाही. अर्थ तसा नाही. अर्थ असा की तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे. ५० वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता काढली तर ती जवळपास ४० टक्के निघते. आणि हे सांडवा पूर्ण मोकळा आहे असं धरून. अर्धा बुजलेला सांडवा त्याहून लहान पुरातही कमी पडेल.

आम्ही काय पाहिलं

सभेनंतरच्या रविवारी आम्ही, पी.टी.चे सर आणि दोन पालक त्या तलावावर गेलो. भजी खाल्ली नाहीत असं नाही, पण आधी बांध पाहिला. बांध मातीचा. माथा बऱ्यापैकी सरळ. पायथ्याशी एका ठिकाणी ओल होती, पाणी स्वच्छ होतं. मागच्या उतारावर बाभळी आणि घाणेरीची झुडपं इतकी की माती दिसत नव्हती. आणि सांडव्यावर काय होतं? बांबू ठोकून लावलेली जाळी, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाला त्यात अडकलेला.

आम्ही जॉन्सटाऊनची गोष्ट तेव्हा नुकतीच वाचली होती. अंगावर काटा आला.

मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसाशी बोललो. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, बीज सोडायला कर्ज काढलंय. एका पुरात मासे गेले तर मी काय खाऊ?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण सांडव्यापासून अर्ध्या किलोमीटरवर वस्ती आहे, आणि त्यात त्याच्या बहिणीचंही घर होतं. हे आम्ही बोललो तेव्हा तो गप्प झाला.

तुम्ही काय बघायचं

इंजिनिअर असण्याची गरज नाही. पाण्यात न उतरता, बांधाला पायी एक चक्कर मारून एवढं पाहता येतं:

- सांडवा मोकळा आहे का? झुडपं, गाळ, जाळी, वाळूच्या गोण्या, टपरी, काही अडवून आहे का?
- बांधाचा माथा सरळ आहे का, की मध्येच खचलाय? लांबट भेगा आहेत का?
- उतारावर मोठी झाडं, बिळं, गुरांनी पाडलेल्या वाटा आहेत का?
- पायथ्याशी पाणी येतं का? स्वच्छ की गढूळ? आधीपेक्षा वाढलंय का?
- पाण्याच्या बाजूचे दगड निखळलेत का?
- मोरीचं दार उघड-बंद होतं का? हे तिथल्या चौकीदाराला किंवा शेतकऱ्याला विचारा.
- धरणावर मालक विभागाचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला फलक आहे का?

काही खटकलं तर फोटो काढा, तारीख लिहा, आणि लेखी अर्ज द्या. नुसतं तोंडी सांगू नका. अर्ज मालक विभागाकडे, एक प्रत तहसीलदारांना, एक ग्रामपंचायतीला. पोच घ्या. "धरण धोक्यात आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा "सांडव्याच्या डाव्या बाजूला दहा फूट रुंद जाळी आहे" असं लिहिलं की काम होण्याची शक्यता वाढते. माहिती अधिकारात पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल मागता येतो, उत्तर साधारण ३० दिवसांत द्यावं लागतं. म्हणून हे काम जूनमध्ये नाही, मार्च-एप्रिलमध्ये करायचं.

गढूळ पाणी जोराने येताना दिसलं, बांध घसरताना दिसला किंवा पाणी माथ्याला लागलं तर अर्ज लिहीत बसू नका. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ किंवा ११२ नंबर लावा आणि आधी खालच्या वस्तीला सांगा. गावात मशिदीचा भोंगा आहे, मंदिराचा आहे, ग्रामपंचायतीचा आहे. अशा वेळी तिन्ही एकाच कामाचे. वस्तीने नाल्याच्या बाजूने पळायचं नाही, आडवं उंच जागेकडे जायचं. ती उंच जागा कोणती, हे आजच ठरवून ठेवावं.

आणि सहलीला जाताना

- सांडव्यातून पडणाऱ्या पाण्याखाली आणि त्याच्या पायथ्याशी उतरू नका. तिथे पाणी गोल फिरतं, माणसाला वर येऊ देत नाही.
- मोरीजवळ पोहू नका, ओढ असते.
- तलावाचा काठ उथळ दिसला तरी गाळ आणि खड्डे असतात. शेवाळलेल्या पायऱ्यांवर लहान मुलांना सोडू नका.
- डोंगरातल्या ओढ्यात असताना पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाढला, आवाज बदलला, तर सामान सोडून लगेच बाहेर. फोटो नाही, चप्पल शोधणं नाही.
- प्रशासनाने बंदी घातली असेल तर "आम्ही रोजचे आहोत" म्हणून आत घुसू नका.
- कोणी वाहत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोरी, ओढणी, रिकामा कॅन फेका. एकाच्या मागे दुसरा जाऊनच एका घरातले चार-चार जनाजे निघतात.

काही जण म्हणतात, "सर, जे नशिबात आहे ते होणारच." तवक्कुल आम्हीही मानतो. पण आम्हाला नाही वाटत की बुजलेला सांडवा डोळ्यांनी पाहून पाठ फिरवणं याला तवक्कुल म्हणता येईल.

आता भाभींच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही अर्ज दिला. पंधरा दिवसांनी विभागाचा माणूस येऊन पाहून गेला, आणि ठेकेदाराने पावसाळ्यापुरती जाळी काढली. झुडपं अजून तशीच आहेत, त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे. सहल आम्ही डिसेंबरात नेली, पाणी शांत असताना. मुलांनी बांधाच्या माथ्यावरून चालत वहीत नकाशा काढला, सांडवा कुठे, मोरी कुठे, खालची वस्ती कुठे. एका मुलीने वस्तीतली घरं मोजून लिहिली, ६४. ती त्याच भाभींची मुलगी.

भाभींना आम्ही सांगितलं, "धरण मजबूत आहे की नाही, हे आम्हाला आज सांगता येणार नाही. पण सांडवा मोकळा आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आणि दर पावसाळ्याआधी पाहणार आहोत." त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी मीपण येते बघायला."

तुमच्या गावाच्या वर कोणता तलाव आहे? येत्या रविवारी घरच्यांना घेऊन जा. भजी जरूर खा. पण त्याआधी सांडव्यापर्यंत एक चक्कर मारून या.